विकलेल्या गाडीचे स्वत्व

पैसे हाती आले, किल्ली दिली, खरेदीदार गाडी घेऊन गेला. त्या क्षणी जुन्या मालकाचे स्वत्व संपते का? जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हा प्रश्न रोज उभा राहतो. त्याच्या मुळाशी स्वत्व म्हणजे काय आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते, हा धर्मशास्त्रातला फार जुना वाद आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला. स्वत्व केवळ शास्त्रावरून कळते की ते लौकिक आहे, असा प्रश्न त्याने दायविभागाच्या आरंभीच घेतला. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही असे लोकसुद्धा खरेदी-विक्री करतात, वस्तू आपली-परक्याची मानतात. म्हणून स्वत्व लौकिक, असा त्याचा निर्णय आहे. दानाविषयी त्याने आणखी बारकावा सांगितला. दानाची अंगे दोन: देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त होणे आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होणे. दुसरे अंग स्वीकाराशिवाय पुरे होत नाही, आणि स्वीकार मानसिक, वाचिक व कायिक अशा तीन प्रकारचा असतो. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या दायभागाचा कर्ता जीमूतवाहन मात्र देणाऱ्याच्या त्यागानेच घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण होते, असे मानतो.

विक्री म्हणजे दान नव्हे. तिथे मोबदला असतो. तरी सोडणे आणि स्वीकारणे ही दोन अंगे तिलाही आहेत. 1930 चा वस्तुविक्री कायदा याच दिशेने जातो. ठरावीक वस्तूची मालकी दोन्ही पक्षांच्या मनात ती ज्या वेळी जावी असे असेल, त्या वेळी जाते. तो हेतू कराराच्या शब्दांवरून आणि पक्षांच्या वागण्यावरून ठरवायचा. गाडीपुरते बोलायचे तर सौदा तोंडी पक्का होणे हा वाचिक स्वीकार आणि किल्ली हाती घेणे हा कायिक. विकणारा आणि घेणारा या दोघांपुरते पाहिले, तर व्यवहार इथे पुरा झाला.

परंतु गाडी रस्त्यावर धावते, आणि रस्त्यावर तिसरा माणूस असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मालकाची व्याख्या केली ती या तिसऱ्याकडे पाहून. सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक. भाडेखरेदीची किंवा कर्जावर तारण असलेली गाडी मात्र ज्याच्या ताब्यात आहे, तो मालक धरला जातो. त्याच कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, दुसऱ्या राज्यात नोंदलेल्या गाडीसाठी 45 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. विकणाऱ्याच्या सूचनेसाठी नमुना 29 आहे, हस्तांतराच्या अर्जासाठी नमुना 30. एकच कृती, पण सोडणाऱ्याने वेगळे सांगायचे आणि घेणाऱ्याने वेगळे. मिताक्षरेतली दोन अंगे इथे दोन कागदांत उतरली आहेत.

2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका अपघाताच्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणीतले नाव पहिल्याचेच राहिले होते. भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी विक्रीची साखळी शोधत फिरावे, हे कायद्याला अभिप्रेत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्याने ती गाडी कित्येक महिने पाहिलीही नाही, त्याच्यावर हा भार पडणे कठोर आहे यात शंका नाही. तरी निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. स्वत्व हा माणूस आणि वस्तू यांच्यातला खासगी संबंध एवढाच नसतो. त्या वस्तूने कोणाचे नुकसान केले, तर उत्तर कोणी द्यायचे हेही त्यातच येते. किंमत खिशात घालून नाव मात्र तसेच ठेवणाऱ्याने लाभ उचलला, त्याग केला नाही. दुसऱ्याच्या नावावर गाडी चालवत राहणारा खरेदीदार तर आपल्या कर्माचा हिशेब परक्याच्या खात्यात टाकत असतो, आणि धर्मदृष्ट्या त्याचा दोष विकणाऱ्याहून मोठा आहे.

विज्ञानेश्वराचा पक्ष आणि त्याचा पूर्वपक्ष, दोन्ही इथे आपापल्या जागी खरे ठरतात. दोघांमधले स्वत्व लौकिक, बोलण्या-चालण्याने बदलणारे; लोकांप्रती असलेले उत्तरदायित्व मात्र नियमाने निर्माण झालेले आणि नियमानेच सुटणारे. मध्ये दलाल आला की ही फट रुंदावते. गाडी त्याच्याकडे विक्रीसाठी उभी असते, तेव्हा तिचा धनी कोण? एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची नोंद झाल्यावर त्यालाच मालक मानण्याची तरतूद केली. उशिरा का होईना, हे फार आवश्यक होते.

मालकाच्या मृत्यूने होणारे हस्तांतर वेगळे. तिथे देणारा नाही, म्हणून त्यागही नाही. वडिलार्जित संपत्तीत पुत्राचे स्वत्व जन्मानेच असते असे मिताक्षरा म्हणते, तर दायभाग ते पित्याच्या मृत्यूनंतर उत्पन्न होते असे मानतो. वाहनाच्या नियमांनी या वादात न पडता मधला काळ तेवढा सांभाळला आहे. ज्याच्याकडे गाडी येते त्याने मृत्यूपासून 30 दिवसांत आरटीओला कळवले, तर ती आपल्याकडे हस्तांतरित झाली आहे असे समजून त्याला 3 महिने वापरता येते. त्या मुदतीत नमुना 31 भरून तिची नोंदणी आपल्या नावावर करून घ्यायची असते.