सह्या कोणाच्या अपरोक्ष?

मावशी डोंबिवलीच्या शाळेत संस्कृत शिकवायची. ठाण्याच्या आमच्या प्रकाशनाकडे आलेल्या एका पुस्तकाची मुद्रितं घेऊन मी तिच्याकडे गेले होते. कल्याणच्या एका दिवंगत बाईंच्या त्या आठवणी. अडलं होतं एका वाक्यावर : 'वाटणीच्या कागदावर सह्या माझ्या अपरोक्ष झाल्या.'

मावशी : परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. बाई तिथे हजर होत्या, असा याचा अर्थ.

मी : आणि बहुतेक मराठी वाचक नेमकं उलट वाचतील. 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे माझ्या पाठीमागे, असंच आपण बोलतो.

मावशी : बोलणारे वाढले म्हणून चूक बरोबर ठरते?

मी : 'राजीनामा' तू कोणत्या अर्थाने वापरतेस? मुळात तो राजी असल्याचा, संमतीचा कागद. हिंदी मुलखातल्या कोर्टांत आजही राजीनामा म्हणजे तडजोड. आपण मात्र नोकरी सोडताना देतो. धर्मशास्त्रात 'साहस' हा गुन्ह्याचा प्रकार होता. आज साहसी मुलांचे सत्कार होतात.

मावशी : ते अर्थ कधीच स्थिरावले, त्यांच्यामुळे आता कोणी फसत नाही. अपरोक्षचे दोन्ही अर्थ आज एकाच वेळी जिवंत आहेत आणि एकमेकांच्या विरुद्ध आहेत. वेदान्ती 'अपरोक्षानुभूती' म्हणतो, तेव्हा त्याला साक्षात अनुभवच म्हणायचा असतो. अशा शब्दाची राखण करायची नाही, तर कोणाची करायची? आणि सगळं लोकांवर सोडून भाषा घडत नाही. 'महापौर' सावरकरांनी घडवला. ठाण्यात काय, कल्याण-डोंबिवलीत काय, आज दुसरा शब्द कोणाला सुचतो?

मी : घडवला त्यांनी, टिकवला लोकांनी. त्यांचे कितीतरी शब्द कागदावरच राहिले. आणि राखणीच्या नावाखाली काय काय होतं, तेही बघ ना. आगरी मुलगा 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो.

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर जे बोलली, ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मावशी : ते वेगळं आहे. 'पानी' मागणाऱ्याला कोणी दूध आणून देत नाही. तिथे अर्थाला धक्का लागत नाही. टोकलं तर त्या मुलाचं बोलणं तेवढं बंद होतं. या सहीच्या वाक्यात मात्र बाईंवर अन्याय झाला की नाही, हेच ठरतंय. आपण दोन्हींवर 'अशुद्ध' असा एकच शिक्का मारतो. 1962 च्या नियमांनी 'नांव', 'पांच' यांवरचे अनुस्वार गेले, कोणाचं काही अडलं नाही. लेखन ठरावाने बदलता येतं. अर्थाचं तसं नाही.

मी : मग इथे 'परोक्ष' करू?

मावशी : नको. अपरोक्ष म्हणजे पाठीमागे असं धरून बसलेल्याला परोक्ष म्हणजे समोर वाटेल. सरळ 'पाठीमागे' कर.

मी : तो बाईंचा शब्द नाही. आणि आता त्यांना विचारणार कसं? पण हस्तलिखितात दुसरीकडे त्या लिहितात, सासूबाईंच्या अपरोक्ष मी कादंबऱ्या वाचायची. सासूबाईंसमोर वाचायची, असं काही त्यांना म्हणायचं नाही.

मावशी : मग कोश मिटून ठेव. बाईंचा अर्थ बाईंच्याच पानांत सापडला. पण संस्कृत जाणणारा वाचकही तुझाच वाचक आहे. त्याची वाट चुकवू नकोस.

शब्द तसाच ठेवला आणि खाली तळटीप दिली : 'येथे, गैरहजेरीत.' मावशीला तेवढं पुरेसं वाटत नाही. आठवणींच्या पुस्तकात मी तिचं ऐकणार नाही. माणसाचा शब्द त्याच्यापाशी राहिला पाहिजे. पण मृत्युपत्र, पंचनामा, वाटणीपत्र लिहिणाऱ्यांनी तिचं जरूर ऐकावं. तिथे हा शब्द नकोच. 'हजर असताना' किंवा 'हजर नसताना' असं लिहा.