अधांतरातला आधार

वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर गावी अंतरिक्ष पार्श्वनाथांची श्यामवर्ण मूर्ती आहे, आणि ती भूमीला टेकलेली नाही, असे श्रद्धावंत पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आख्यायिका अशी की, एल राजाला कुष्ठाने ग्रासले होते, इथल्या जलाने त्याची व्याधी दूर झाली, त्याच जलातून ही मूर्ती प्रकटली, आणि ती घेऊन जाताना मागे वळून पाहू नये अशी आज्ञा असूनही राजाच्या मनात शंका आली, त्याने वळून पाहिले, आणि मूर्ती जिथे होती तिथेच अंतराळी स्थिरावली. ‘आधार’ या शब्दाचे चिंतन मला नेहमी या मूर्तीपाशी आणून सोडते. खाली काही नाही आणि तरीही पडणे नाही, ही जी स्थिती तिथे मूर्तिरूपात उभी आहे, ती गंभीर आजारी लेकराला उराशी घेऊन महिनोनमहिने रुग्णालयात राहणारे मायबाप रोज देहाने जगत असतात.

आपण आधार म्हणतो तेव्हा पायाखालचे काहीतरी डोळ्यांसमोर येते. घर, चार एकर सोयाबीन, तुरीचे येणारे पैसे, मुलाची शाळा, शेजारपाजार, सणवार, हे सगळे मिळून एक जमीन तयार होते आणि तिच्यावर आपण निश्चिंत चालत असतो. मग लेकराचा ताप उतरत नाही, अंगावर निळसर डाग दिसतात, हिरड्यांतून रक्त येते, रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात, आणि ती सगळी जमीन एका दुपारी सरकते. वाशिम जिल्हा १९९८ साली झाला, त्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ उजाडले. रक्ताच्या कर्करोगाचे मूल घेऊन इथल्या माणसाला आजही नागपूरची वाट धरावी लागते किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. ज्या आईने आजवर वाशिमपलीकडे मुक्काम केलेला नसतो, ती त्या भल्या मोठ्या इमारतीत हातात फाईल घेऊन उभी राहते. तिला त्या घडीला कुणी विचारले की बाई, तुला आधार कशाचा, तर ती मुलाकडे पाहील. आणि मूल तर तिच्याकडे पाहत असते.

इथे त्या शब्दाची पहिली साल सुटते. आधार देणारा स्वतः स्थिर असलाच पाहिजे, असे आपण धरून चालतो. परंतु लेकराचा हात धरणारी ती माउली आतून पूर्ण हललेली असते, आणि तरीही लेकराला तिच्या हातातून जे मिळते ते स्थैर्यच असते. हे कसे घडते? मला वाटते, आपल्याजवळ असलेले देणे हे दान झाले, आणि आपल्याजवळ नसलेलेसुद्धा देता येणे ही कृपा झाली. त्या घडीला आई केवळ वाहिनी असते. तिच्यातून जे वाहते त्याचा उगम तिच्या मागे, फार मागे असतो. ज्याला आपण विठ्ठल म्हणतो, सेवालाल महाराजांचे नाव घेऊन पोहरादेवीला ज्याला हाक मारतो, कारंज्याच्या गुरुमंदिरात ज्याच्यापुढे वाकतो, तोच त्या हातातून लेकराचा हात धरून असतो.

पण आधार हा केवळ भाव आहे असे समजून कुणी थांबू नये. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचाच, त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा प्रकार, आणि त्याचे उपचार नेटाने पूर्ण केले तर बहुसंख्य मुले बरी होतात. मात्र ते उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कठोर असतात, पुढे घरी राहून रोजच्या गोळ्या आणि ठरलेल्या तारखांच्या फेऱ्या असतात. पहिल्या महिन्यात रक्तातला रोग बहुधा दिसेनासा होतो, मूल हसू लागते, आणि नेमके तिथेच घरची माणसे म्हणतात, आता बरा झाला, चला गावी. दिसत नाही म्हणून रोग गेला असे नसते, तो दडलेला असतो, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार त्याला परत बोलावतो. म्हणून ज्या आईने तारीख चुकवली नाही, रात्री साडेनऊची गोळी साडेनऊलाच दिली, अंगाला हात लावून कढत वाटताच थर्मामीटर लावला, आणि पारा १०० च्या वर चढताच सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले, कारण किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा तापही जिवावर बेततो हे तिला ठाऊक झाले आहे, तिचे ते घड्याळ पाहणे मी नामस्मरणाच्या पंक्तीला बसवतो. नवस आणि औषध यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी दोन्ही नीट पाहिलेली नाहीत. नवस तिला उद्याच्या डोसपर्यंत नेतो.

वॉर्डातले दिवस रक्तपेशींच्या मोजणीभोवती, एका प्रश्नाभोवती फिरतात: ‘आज काउंट किती आला?’ पण त्या दिवसांच्या मध्यभागी एक क्षण असा येतो, की आधार या शब्दाचा सगळा अर्थ त्यात गोळा होतो. पाठीतल्या इंजेक्शनसाठी मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, गर्भात असावे तसे गोल धरून ठेवतात. अनेक ठिकाणी मुलाला गुंगी देतात, सगळीकडे ते होतेच असे नाही. आणि जिथे आईबापांना जवळ राहू देतात तिथे मूल त्यांनाच विचारते, तू का धरतेस मला? ज्या हातांनी आजवर दुखण्यापासून दूर ठेवले, तेच हात आज दुखवणाऱ्या सुईसमोर धरून आहेत. हे त्या मायबापाला आयुष्यात सर्वांत कठीण जाते, आणि मी कितीही वेळा यावर विचार केला तरी मला इथे शब्द अपुरे पडतात. एवढे मात्र खरे की वेदनेपासून वाचवणे हा आधाराचा एक थर आहे, वेदनेत एकटे न सोडणे हा त्याहून खोल थर आहे. आणि परमेश्वराकडून आपण बहुतेकदा पहिला मागतो, मिळतो तो दुसरा.

आता राजाच्या त्या वळून पाहण्याकडे येऊ. रात्री वॉर्डात दिवे मंदावतात तेव्हा प्रत्येक बाप मागे वळून पाहतो. आधी नेले असते तर, शेतातल्या फवारणीच्या वेळी जवळ येऊ दिले नसते तर, त्या वर्षी कुलाचार चुकला नसता तर. मुलांच्या बहुतेक कर्करोगांत आईबापांच्या हातून घडलेले असे काही कारण सापडत नाही, हे डॉक्टर पुन्हापुन्हा सांगतात. तरी शंका मान वळवतेच. आख्यायिकेकडे मी राजाच्या शिक्षेची गोष्ट म्हणून पाहत नाही. शंका आली, मान वळली, आणि तरीही भगवंत खाली कोसळला नाही; जिथे शंका आली तिथेच तो आधाराविना उभा राहिला आणि आजवर उभा आहे. मान वळवणाऱ्या बापाला यापेक्षा मोठे अभयवचन मी देऊ शकत नाही.

हा आधार एकट्याच्या हातांचा असता तर केव्हाच गळून पडला असता. वऱ्हाडातूनच, शेंडगावच्या मातीतून, १८७६ साली जन्मलेला एक खराटेधारी संत उभा राहिला, त्याने मंदिरे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचा आणि त्यांच्या माणसांचा आसरा आहे. गाडगेबाबांना स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची वार्ता कीर्तनात असताना कळली आणि कीर्तन थांबले नाही, असे सांगतात. ज्याचे स्वतःचे लेकरू गेले, त्याच्या नावाच्या छताखाली आज अनोळखी लेकरे औषध घेऊन निजतात. २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची केंद्रेही उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह निःशुल्क राहायला जागा देतात. त्यात प्लेटलेट देणाऱ्या तरुणाची भर घाला: दान केलेल्या प्लेटलेट पाचएक दिवसच टिकतात, फार काळ साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून कुणाला तरी आज, आत्ताच बाही वर करावी लागते. मालेगावच्या लेकराच्या शिरेत कुणा अनोळखी मुंबईकराचे रक्त वाहते. त्याचे नाव त्या आईला कधी कळत नाही. मूर्तीखालची ती रिकामी जागा पुन्हा पाहा, ती रिकामी नाही.

आणखी एक लेकरू गावी आहे. त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. मृग लागला की बाप पेरणीला परततो, आई तिकडेच अडकते, आणि धाकटी आजीपाशी राहते, शहाण्यासारखी वागते, काही मागत नाही. ते शहाणपण मला भिववते. तिलाही सांगायला हवे की भावाला काय झाले आहे, ते तुझ्यामुळे झालेले नाही, आणि आई तुला विसरलेली नाही. रोज संध्याकाळी फोनवर तिच्या शाळेचे दोन शब्द ऐकणे हाही उपचाराचाच भाग मानावा.

आणि कधी असेही होते की औषध हरते. तेव्हा आधार हरला असे म्हणू नका. दुखणे शमवणे, श्वास सुलभ करणे, लेकराला हवे ते माणूस जवळ आणणे, त्याने विचारले तर खोटे न बोलणे, यासाठीही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, तिला शांतपणे बोलावून घेणे यात हार नाही. अशा घरात जाऊन देवाची इच्छा वगैरे बोलू नये. स्वयंपाक करावा, गुरांना पाणी दाखवावे, जवळ बसावे.

बहुतेक मुले मात्र परत येतात, आणि तेव्हा आधाराची सर्वांत अवघड शिकवण समोर येते: तो काढून घेणे. ज्याचा प्रत्येक घास झाकून ठेवला त्याला आता डबा घेऊन वर्गात पाठवायचे, ज्याचा ताप रात्रीतून तीनदा मोजला त्याला मातीत कबड्डी खेळू द्यायची. आईचा हात सुटत नाही, तो सोडवायला गावाने मदत केली पाहिजे. कर्करोग शेजारी बसल्याने लागत नाही, डोक्यावरचे केस परत येतात, आणि वर्षभर मागे पडलेला मुलगा शिकवला तर शिकतो, एवढ्या तीन गोष्टी मालेगावच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असल्या तर तो मुलगा शेवटच्या बाकावर एकटा बसणार नाही. शाळा उघडायच्या आधी त्याच्या आईने मुख्याध्यापकांना भेटून हे सांगावे, आणि तिला ते सांगावे लागण्याआधी मुख्याध्यापकांनीच तिच्या दारी जावे.