नगरची शाळा, पुण्याचा रस्ता

सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात सिंथिया फरार हे नाव एका ओळीपुरतं येतं. नगरला मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले, एवढं सांगून चरित्र पुण्याकडे वळतं. आम्ही केडगावचे, नगर-पुणे रस्त्यावरचे. त्यामुळे ही ओळ वाचून पुढे जाणं मला जमत नाही. मुलींना शिकवण्याचा जो विचार १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातल्या फुल्यांच्या शाळेत रुजला, त्याचा एक धागा आमच्या नगरातून निघाला होता. तो इथं आला कसा आणि इथून जाताना त्याचं काय झालं, हे नीट पाहायला हवं.

सिंथिया फरार अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या. जन्म १७९५चा. जून १८२७मध्ये त्या बोस्टनहून जहाजात बसल्या आणि वर्षअखेरीस मुंबईत पोचल्या. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, लग्न झालेलं नव्हतं. त्यांना पाठवणारी मिशनरी संस्था, अमेरिकन बोर्ड, तोवर परदेशी पाठवत होती ती प्रामुख्याने धर्मोपदेशकांना आणि त्यांच्या बायकांना. एकट्या बाईला एवढ्या दूर पाठवणं त्या संस्थेलाही नवं होतं. पण मुंबईत बोर्डाच्या मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली होती आणि तिच्याकडे पूर्णवेळ लक्ष देणारं कोणी हवं होतं. म्हणजे फरारबाई आल्या त्या शिक्षिकेची गरज होती म्हणून. मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्या समाजातून त्या आल्या, तिथंही बाईने व्यासपीठावर उभं राहून उपदेश करणं मान्य नव्हतं. शाळेचा दरवाजा तेवढा उघडा होता.

त्यांचा हेतू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगी वाचायला शिकली की बायबल वाचेल, आणि बायबल वाचलं की ख्रिस्ताकडे वळेल, असं त्या आणि त्यांचं मिशन प्रामाणिकपणे मानत होतं. लोकही खुळे नव्हते. कुणी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली की पालक मुलं काढून घेत आणि वर्ग ओस पडत. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की लग्न होऊन सासरी जाई, शिक्षण अर्ध्यावर राही. सुरुवातीच्या मिशन शाळांत शिकवायला बहुधा हिंदू पंतोजीच असत, कारण मुलींना शिकवू शकेल अशी इथली शिकलेली बाई मिळणार कुठून? या प्रश्नापाशी हे काम पुनःपुन्हा अडत होतं. फरारबाई मराठी शिकल्या, प्रकृतीमुळे १८३७ साली मायदेशी गेल्या आणि १८३९ साली परतल्या त्या नगरला. पुढचं सगळं आयुष्य इथंच गेलं.

नगरच्या या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीत होते, त्यांच्याबरोबर ते गेले होते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनऱ्यांचं काम त्यांना नवीन नव्हतं आणि ख्रिस्ती तर ते कधी झालेच नाहीत. पण मुली बसून शिकताहेत हे दृश्य त्यांच्या मनात ठसलं. मुलाच्या जडणघडणीत आईचा वाटा सर्वात मोठा, तेव्हा आईच शिकली पाहिजे, हा विचार घेऊन ते परतले, आणि त्याची सुरुवात घरातून, सावित्रीबाईंपासून झाली.

फरारबाईंची शाळा जशीच्या तशी उचलून पुण्यात आणली, असं मात्र कुणी समजू नये. जोतीरावांनी तिच्यातला हेतूच बदलला. मिशनच्या शाळेत शिक्षण ही दुसऱ्या गोष्टीकडे जाणारी वाट होती. फुल्यांच्या शाळेत ते माणूसपणाचा हक्क झालं. आणि फरारबाईंना भेडसावणारा शिक्षिकेचा प्रश्नही तिथं सुटू लागला, कारण शिकवायला उभी राहिली ती याच मातीतली, नायगावच्या पाटलांची मुलगी. परदेशी बाईला जे दार आयुष्यभर अर्धवट उघडं मिळालं, ते सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलत पूर्ण उघडलं.

आता काळाचा योग पाहा. १८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. शाळांवर फार शक्ती खर्च होते, मुख्य काम लोकांच्या भाषेत उपदेश करण्याचं आहे, असं त्यांचं ठाम मत. त्यानंतर मिशनच्या कामात शाळांवरचा भर कमी झाला. आणि त्याच १८५५ साली, मिशननेच नगरला १८४२ साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. मांग-महारांचं दुःख तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं आणि धर्माच्या नावाखाली त्यांच्यावर होणाऱ्या जुलमाचा जाब विचारला. शाळा ज्यांनी आणली तेच तिच्याविषयी साशंक होत होते, आणि शाळेने काय घडवलं ते त्यांच्याच पत्रात छापलं जात होतं. माझ्या मते या विचाराच्या साऱ्या प्रवासातलं सर्वात मोठं वळण हेच. मुक्ता फक्त वाचायला शिकली नव्हती, ती विचारायला शिकली होती.

पुढे पंडिता रमाबाई उलट्या दिशेने गेल्या. १८८३ साली इंग्लंडला, तिथून अमेरिकेला. तिकडे शिकल्या, शिकवलंही, ख्रिस्ती झाल्या आणि परतून त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. दुष्काळातल्या मुलींना त्यांनी मुक्ती सदनात आसरा दिला, तेही केडगावला. ते केडगाव दौंड तालुक्यातलं, रेल्वेवरचं, आमचं नव्हे. परदेशातून मदत घ्यायची, पण संस्थेचं सुकाणू आपल्या हाती ठेवायचं, हा त्यांचा हट्ट होता. फुल्यांनी मिशनचा धर्म बाजूला ठेवून शिक्षण घेतलं, रमाबाईंनी धर्म स्वीकारला पण अधिकार दिला नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या, तरी दोघांनी बाहेरून आलेली गोष्ट आपली करून घेतली.

फरारबाईंनी यातलं काय पाहिलं असेल? १८६२च्या २५ जानेवारीला नगरलाच त्यांचा मृत्यू झाला, सदुसष्टावं वर्ष सुरू असताना. त्यांच्या मिशनच्या हिशेबात धर्मांतरं मोजली जात आणि त्या मापाने त्यांचं काम थोडंच भरेल. आपलं माप वेगळं असायला हवं. धर्मप्रसारासाठी आलेल्या बाईचं ऋण मानलं तर फुल्यांचं कर्तृत्व उणावतं, अशी भीती काहींना वाटते. मला ती निराधार वाटते. उलट, कुठून घेतलं हे कळल्यावरच काय बदललं हे दिसतं.

दर ३ जानेवारीला नगरच्या आणि केडगावच्या शाळांत सावित्रीबाईंची जयंती होते, मुली नऊवारी नेसून भाषणं करतात. शिक्षकांना माझी विनंती आहे. त्या भाषणात पाच मिनिटं सिंथिया फरार यांना द्या. त्या कशासाठी आल्या होत्या तेही मुलींना मोकळेपणाने सांगा, आणि मुक्ता साळवेचा निबंध त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.