ऑगस्टमध्ये ठरलेला नोव्हेंबर

२०१२च्या नोव्हेंबरात मिशिगन राज्याने अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी मतदान केलं, तेव्हा राज्यभरातल्या एकूण मतांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मतं डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारांना पडली. जागा मिळाल्या १४पैकी ५. त्याच दिवशी, त्याच मतदारांच्या जोरावर बराक ओबामांनी हे राज्य साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. मतमोजणीत घोळ नव्हता, मतदान केंद्रांवर दंडेली नव्हती. जे करायचं ते वर्षभर आधी नकाशावर करून झालं होतं.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की प्रत्येक राज्याच्या वाट्याला किती जागा येणार हे ठरतं. त्या जागांच्या सीमा कुठून कुठे जाणार हे मात्र बहुतेक राज्यांत तिथलं विधिमंडळच ठरवतं. म्हणजे आज सत्तेवर असलेला पक्ष पुढच्या पाच निवडणुकांचं मैदान आखतो. आपल्याकडे मतदारसंघांची पुनर्रचना निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचा आयोग करतो आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. त्यावरही तक्रारी होतातच. पण सत्ताधारी पक्षाने स्वतःच्या कार्यालयात बसून, संगणकावर गल्लीगल्लीचे आकडे पाहत सीमा ओढाव्यात, हे आपल्या व्यवस्थेत बसत नाही. मिशिगनमध्ये २०११ साली नेमकं तेच घडलं. दोन्ही सभागृहं आणि राज्यपालपद रिपब्लिकन पक्षाकडे होतं. विरोधकांचे मतदार थोड्याशा मतदारसंघांत दाटीवाटीने कोंबायचे, तिथे त्यांना प्रचंड मताधिक्याने जिंकू द्यायचं आणि उरलेल्या जागा आपण बेताच्या फरकाने खिशात घालायच्या, अशी ती आखणी होती. त्या नकाशातला चौदावा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्वेला ग्रोस पॉइंटच्या तळ्याकाठच्या बंगल्यांपासून निघायचा, शहरातून वळसे घेत पश्चिमेला जायचा आणि तिथून उत्तरेला वळून थेट पॉन्टिअॅक गाठायचा.

पुढे हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि नकाशा आखणाऱ्यांचे ईमेल बाहेर आले. एकाने विरोधी मतदारांना कचरा म्हटलं होतं आणि तो सगळा चार मतदारसंघांत कोंबता येतो याचा आनंद व्यक्त केला होता. दुसऱ्या ईमेलमध्ये मॅकोम काउंटीतल्या एका पुढे आलेल्या आकाराबद्दल लिहिलं होतं की, तो सँडी लेव्हिन या डेमोक्रॅटिक प्रतिनिधीला दाखवलेल्या अश्लील बोटासारखा दिसतो, आणि ते लिहिणाऱ्याला फार आवडलं होतं. वाकड्यातिकड्या सीमारेषांपेक्षा हे ईमेल मला जास्त अस्वस्थ करतात. मतदार हा जिंकायचा माणूस असतो, त्याची समजूत घालायची असते, ही किमान भावनाही त्या खोलीत उरली नव्हती.

याला उत्तर पक्षांकडून आलं नाही. २०१६च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही या सत्तावीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या: मिशिगनमधली ही सीमांची लबाडी संपवायची आहे, कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवायला तीन लाखांहून अधिक सह्या लागत होत्या. पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या अमेरिकेत सहज मिळतात. या मंडळींनी त्या नाकारल्या, जत्रांमध्ये, महामार्गांवरच्या विश्रांतीथांब्यांवर स्वतः उभं राहून सव्वाचार लाखांवर सह्या जमवल्या. नोव्हेंबर २०१८मध्ये ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला. ही दुरुस्ती किती निकडीची होती, हे सात महिन्यांत दिसलं. एप्रिल २०१९मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने मिशिगनचा जुना नकाशा घटनाबाह्य ठरवला खरा, पण जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या सीमांच्या तक्रारी संघीय न्यायालयांनी ऐकायच्याच नाहीत. न्यायालयाचं ते दार बंद झालं. मिशिगनच्या लोकांनी आपलं दार आधीच उघडून ठेवलं होतं.

नव्या आयोगावर तेरा सामान्य नागरिक: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कुठल्याही पक्षाशी बांधील नसलेले. निवड चिठ्ठी टाकून. पदाधिकारी, उमेदवार, त्यांचे नातेवाईक यांना मज्जाव. नकाशा मंजूर व्हायला नुसतं बहुमत पुरत नाही, तिन्ही गटांतल्या प्रत्येकी किमान दोघांचा होकार लागतो. डिसेंबर २०२१च्या अखेरीस आयोगाने प्रतिनिधिगृहाचा नकाशा आठ विरुद्ध पाच मतांनी स्वीकारला. लोकसंख्या इतर राज्यांइतकी वाढली नसल्याने तोवर मिशिगनच्या जागा १४वरून १३वर आल्या होत्या. साठच्या दशकात, मोटारींचे कारखाने ऐन भरात असताना, त्या १९ होत्या.

या नकाशाची कसोटी लगेच लागली. २०२२मध्ये राज्याचा कल डेमोक्रॅटांकडे होता. निकाल ७-६ त्यांच्या बाजूने. २०२४मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी राज्य दीड टक्क्याहून कमी फरकाने जिंकलं. निकाल ७-६ रिपब्लिकनांच्या बाजूने. लॅन्सिंगभोवतीची एक जागा इकडून तिकडे गेली आणि बहुमत बदललं. काठावरच्या राज्याचा निकाल काठावरच लागावा, मतदारांचं मन किंचित हललं तर जागाही हलाव्यात, यापेक्षा नकाशाकडून अधिक काय मागायचं? २०२५मध्ये टेक्साससारख्या राज्यांनी दहा वर्षं पूर्ण व्हायची वाटही न पाहता सीमा पुन्हा ओढल्या, कॅलिफोर्नियाने त्याला तसंच प्रत्युत्तर दिलं. मिशिगनच्या विधिमंडळाला या शर्यतीत उतरायचं ठरवूनही उतरता आलं नसतं. तो अधिकार आता त्यांच्याकडे नाही. फेही आणि तिच्या सोबत्यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि तरीही डेट्रॉइटमध्ये याच नकाशाविरुद्ध संताप उसळला होता.

तो समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९५४ साली चार्ल्स डिग्ज डेट्रॉइटमधून निवडून आले. मिशिगनने काँग्रेसमध्ये पाठवलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्या सप्टेंबरात मिसिसिपीतल्या समनर गावी चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला उभा राहिला. डिग्ज तिथे गेले. अमेरिकी संसदेच्या सदस्याला त्या न्यायालयात इतरांसारखी जागा नव्हती. कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी बाजूला मांडलेल्या छोट्याशा टेबलाशी बसून त्यांनी खटला ऐकला. सर्व गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना सोडून दिलं, पण दूरच्या डेट्रॉइटचा एक माणूस ते पाहायला हजर होता. १९६५पासून त्यांच्या जोडीला जॉन कॉनयर्स आले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चौथ्या दिवशी त्यांनी किंग यांच्या जन्मदिनाच्या राष्ट्रीय सुट्टीचं विधेयक मांडलं आणि १९८३मध्ये कायदा होईपर्यंत ते लावून धरलं. त्यांच्या डेट्रॉइटच्या कार्यालयात नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स दोन दशकांहून अधिक काळ नोकरी करत होत्या. दोघांचीही कारकीर्द डागाळून संपली, डिग्ज यांची शिक्षा होऊन आणि कॉनयर्स यांची गैरवर्तनाच्या आरोपांत. पण आपल्या शहराचा माणूस तिथे बसलेला असणं म्हणजे काय, हे डेट्रॉइटने या दोघांकडून शिकलं होतं.

जुन्या नकाशात कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले दोन मतदारसंघ होते. नव्यात एकही नाही. शहर दोन मतदारसंघांत विभागून उपनगरांना जोडलं गेलं आणि दोन्हीकडे कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. ऑक्टोबर २०२१मध्ये डेट्रॉइटच्या सुनावणीत लोक उठून उठून याविरुद्ध बोलले. राज्याच्या नागरी हक्क विभागाने आक्षेप घेतला. आयोगाचं म्हणणं असं की, डेट्रॉइटची मतं एका ठिकाणी साठवून वाया घालवणं हीच तर जुनी लबाडी होती. शिवाय सल्लागारांनी सांगितलं होतं की, कृष्णवर्णीयांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडायला निम्मी संख्या लागत नाही, चाळीसच्या आसपास टक्के पुरतात. नोव्हेंबरच्या निकालांचे आकडे पाहिले तर ते खरंच होतं. डेट्रॉइटमधून डेमोक्रॅटच निवडून येणार होता. पण कोणता डेमोक्रॅट, हे नोव्हेंबरमध्ये ठरत नाही.

ते ठरतं ऑगस्टमध्ये, पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. २ ऑगस्ट २०२२ रोजी डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी नऊ जण उभे होते, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटली. पहिला आलेल्या उमेदवाराला २८ टक्के मतं होती, म्हणजे सुमारे २२ हजार. मतदारसंघाची लोकसंख्या पावणेआठ लाख. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. तो उमेदवार म्हणजे आपले बेळगावचे श्री ठाणेदार.

‘ही ‘श्री’ची इच्छा’ हे त्यांचं मराठी आत्मकथन वाचलेले असंख्य वाचक महाराष्ट्रात आहेत. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात हलाखीत वाढलेला मुलगा १९७९मध्ये रसायनशास्त्र शिकायला ओहायोत जातो, उद्योग उभारतो, गमावतो, पुन्हा उभारतो. तो अमेरिकी संसदेत पोहोचला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी आनंद साजरा केला आणि तो माझाही आनंद होता. नोव्हेंबरात त्यांना ७१ टक्के मतं मिळाली. त्यांनी नियमांनुसार निवडणूक लढवली. स्वतःची मोठी संपत्ती प्रचारात ओतली, तीही कायद्याने चालते. पण जानेवारी २०२३मध्ये त्यांनी शपथ घेतली, तेव्हा १९५५नंतर पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत नव्हता. आपल्या बातम्यांत हे वाक्य क्वचितच आलं. आपल्या माणसाच्या विजयाने फुलून जाताना, ज्या शहराने त्याला पाठवलं त्या शहराच्या बाजूनेही तो निकाल पाहणं आपलं काम होतं, असं मला वाटतं. योगायोग असा की, त्याच निवडणुकीत मिशिगनमधून एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आलाच: जॉन जेम्स, रिपब्लिकन, प्रामुख्याने गोऱ्या वस्तीच्या मॅकोम काउंटीतून, सुमारे १,६०० मतांनी. तेव्हा वर्ण पाहून माणसाचा मतदार कोण हे सांगता येतं, अशा सोप्या समजुतीलाही इथे जागा नाही. प्रश्न ठाणेदारांचा वर्ण नसून ते २८ टक्के आहेत. ७२ टक्के मतदारांनी दुसरं कुणीतरी निवडलं होतं आणि त्यांचं म्हणणं मांडायला पुढची पायरीच नव्हती.

डिसेंबर २०२३मध्ये संघीय न्यायालयाने याच आयोगाने आखलेले राज्य विधिमंडळाचे डेट्रॉइट परिसरातले तेरा मतदारसंघ रद्द केले. हा निकाल प्रतिनिधिगृहाच्या जागांबद्दल नव्हता, पण त्यातलं निरीक्षण इथेही लागू पडतं. डेट्रॉइटमध्ये खरी निवडणूक डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत होते, आणि तिथे लोक कसे मत देतात याची पुरेशी माहिती सल्लागारांकडे नव्हतीच, असं न्यायाधीशांनी दाखवून दिलं. वर्षभर प्रामाणिकपणे खपलेल्या तेरा नागरिकांनी चुकीच्या महिन्याकडे पाहून रेषा ओढल्या होत्या.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ग्रँड रॅपिड्सच्या तिसऱ्या मतदारसंघातही २०२२मध्ये ऑगस्टनेच घात केला. एके काळी, राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, जेराल्ड फोर्ड यांची असलेली ही जागा तेव्हा रिपब्लिकन पीटर मायर यांच्याकडे होती. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी ते एक. प्राथमिक फेरीत ट्रम्प यांनी जॉन गिब्स यांना पाठिंबा दिला, आणि गिब्स यांना पुढे आणणाऱ्या जाहिरातींवर चार लाखांवर डॉलर खर्च केले ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणूक समितीने! हिशेब असा की, गिब्स यांना नोव्हेंबरात हरवणं सोपं. मायर थोडक्यात हरले, नोव्हेंबरात डेमोक्रॅट हिलरी शोल्टन जिंकल्या, हिशेब बरोबर निघाला. लोकशाही धोक्यात आहे असं सांगत मतं मागणाऱ्या पक्षाने, तिच्यासाठी स्वतःची जागा पणाला लावणाऱ्या माणसाला असं बाजूला करावं, हे मला आजही क्षम्य वाटत नाही.

मिशिगनमधल्या तेरापैकी चार-पाच जागा खरोखर चुरशीच्या आहेत. बाकीच्यांचा निकाल ऑगस्टमध्येच लागतो आणि तेव्हा मतदार येतात ते नोव्हेंबरच्या निम्म्याच्या आसपास. गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगावंसं वाटतं की, इथे दार सगळ्यांना खुलं आहे. या राज्यात मतदाराची नोंद पक्षानुसार होतच नाही. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारीशेजारी छापलेले असतात आणि केंद्राच्या आडोशात उभं राहून मतदाराने त्यातला एक निवडायचा असतो. दोन्हीत खूण केली तर तो भाग बाद होतो. ग्रोस पॉइंटमधला रिपब्लिकन डेट्रॉइटच्या डेमोक्रॅटिक उमेदवारांमधून निवड करू शकतो. फार थोडे करतात.

नकाशा नागरिकांच्या हाती देणं ही अर्धी दुरुस्ती होती. उरलेली अर्धी प्राथमिक फेरीची आहे आणि तिचे नमुने देशातच आहेत. जॉर्जियात निम्मी मतं न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. मेनमध्ये मतदार पसंतीक्रम देतात. शेवटच्याला वगळत, त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळवत मोजणी होते. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकांत पसंतीक्रम वापरले जातात, तेव्हा ही पद्धत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. तेराव्या मतदारसंघात ती असती तर कदाचित ठाणेदारच जिंकले असते, कदाचित नसते. पण जो जिंकला असता त्याच्यामागे निम्म्याहून अधिक लोक आहेत हे डेट्रॉइटला कळलं असतं.

२०३०च्या जनगणनेनंतर मिशिगनमध्ये पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या जातील, नवे तेरा नागरिक बसतील. त्यांनी पहिल्याच बैठकीत प्राथमिक निवडणुकांचे प्रभागवार आकडे मागवावेत. त्यासाठी राज्यघटनेत एक अक्षरही बदलावं लागत नाही. दुसरी फेरी किंवा पसंतीक्रम आणायचा तर मात्र पुन्हा कुणाला तरी जत्रेत सह्यांचे कागद घेऊन उभं राहावं लागेल. तोवर डेट्रॉइटचे प्रतिनिधी दर दोन वर्षांनी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ठरत राहतील.