उच्चाराचा दोष कोणाचा?

सुरतेच्या लिंबायत-उधना भागात खानदेशी कुटुंबे आरती म्हणतात, तेव्हा अहिराणी वळणाने 'ळ'चा 'य' होतो आणि तिला अशुद्ध ठरवणारेही भेटतात. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. वर्कर आणि टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात. वर्षाचे होईतो ती जाण बहुतांशी ओसरते. कान घर घडवते, मग त्यात अधर्म कसला? कुणी व्याकरणाच्या महाभाष्यातला 'इंद्रशत्रु' या शब्दाचा दाखला पुढे करील: स्वर चुकला आणि यजमानच बुडाला. पण तिथे स्वराने समासाचा अर्थच उलटला होता. 'डोळा'चा 'डोया' झाला तरी अर्थ जागचा हलत नाही. वेदपाठाची शिस्त पाठशाळेत जरूर असावी, ती तिथे शिकवलीही जाते. आरतीला मात्र तीच कसोटी लावणे म्हणजे बालपणीच्या ऐकण्याची शिक्षा भक्ताला देणे.