निघण्याआधीचा मे महिना

आजची वाचनं: १ राजे १९:१९-२१ आणि लूक ९:५७-६२



डोंबिवलीत सध्या सकाळी नऊलाच गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आईने तिथे मिरच्या वाळत घातल्यात, बेडगी आणि काश्मिरी. तिचं माहेर वसईचं, त्यामुळे मे महिना म्हणजे वर्षभराचा मसाला डंकावर कुटून आणायचा आणि बाटल्यांत ठासून भरायचा. सगळं घर शिंकत असतं!

जुलैमध्ये मी टांझानियाला निघतेय. तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून सेवा करायची आहे. म्हणून हा उन्हाळा मी मनसोक्त जगायचं ठरवलं. पप्पांबरोबर ठाण्याला तलावपाळीवर चक्कर, धाकट्या भावाशी आंब्याच्या कोयीवरून भांडण, संध्याकाळी शेजाऱ्यांकडे मरियामातेची जपमाळ. रात्री मी स्वाहिलीचे शब्द पाठ करते आणि भाऊ परीक्षा घेतो. तिकडे चहाला 'चाय' म्हणतात आणि दुकानाला 'दुका', हे ऐकून पप्पा म्हणाले, "मग तुला उपाशी राहावं लागणार नाही."

पण आजच्या वाचनांनी मला अडवलं.

अलीशा शेतात नांगरत असतो. बैलांच्या बारा जोड्या, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. एलीया येऊन त्याच्या अंगावर आपला झगा टाकतो. अलीशा म्हणतो, आईवडिलांना भेटून, त्यांचा मुका घेऊन येतो. एलीया त्याला जाऊ देतो. लूकच्या शुभवर्तमानातही एक जण तेच मागतो, घरच्यांचा निरोप घेऊ द्या. पण येशू त्याला सांगतो की नांगराला हात घालून मागे पाहणारा देवराज्याच्या कामाचा नाही. एकाला परवानगी आणि दुसऱ्याला इतकं कडक उत्तर! असं का?

मला वाटतं, फरक अलीशाच्या चुलीत आहे. तो घरी गेला, बैल कापले आणि औताच्याच लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं. ते जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा आता परत नांगरायला येणार नाही. त्याच्या निरोपात लपवाछपवी नव्हती.

माझ्या निरोपात होती.

मिशनला मी दोन वर्षांसाठी शब्द दिलाय. घरी मात्र "सहा महिने, मग बघू" असं सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली होती, तेवढ्याचाच आधार घेतला. आईला वाटत होतं मी नाताळला घरी असेन. ती तसं बोलायची आणि मी मान डोलवायचे. वर मनात म्हणायचे, हे तर तिच्यासाठीच. खरं तर ते माझ्यासाठी होतं. तिचे डोळे भरलेले मला बघायचे नव्हते, आणि परतीचा एक दरवाजा मला किलकिला ठेवायचा होता. घरात बसून हसत होते, पण पाहत होते मागेच.

मागच्या रविवारी मिस्सानंतर कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी पकडली. मामीने सुकेळी बांधून दिली, केळीच्या सुक्या पानात. परतताना गाडीत मला गोन्सालो गार्सिया आठवत राहिला. आपल्या वसईचाच मुलगा, १५५६-५७ च्या सुमारास जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात जम बसवला. मग तो व्यापार सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये त्याला पुन्हा जपानला पाठवलं ते दुभाषा म्हणून! ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तोही होता. १८६२ मध्ये तो संत झाला.

व्यापार सुटला, पण त्या दिवसांत कमावलेली भाषा प्रभूच्या कामी आली. अलीशाचं औतही असंच. जळलं खरं, पण त्याच्यावर गावाचं जेवण शिजलं. आपण प्रभूला दिलेलं वाया जात नाही. हातात अर्धं धरून ठेवलेलं मात्र ना आपल्या उपयोगी पडतं, ना त्याच्या.

त्या रात्री आईला सांगितलं. "दोन वर्षं, आई. आणि मधे येता येईलच असं नाही."

ती मिरच्यांची देठं काढत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली, आणि मला वाटलं आता रडणार. ती माळ्यावरून रिकाम्या बाटल्या काढत होती.

"सहा महिन्यांचं म्हणून एकच भरणार होते," ती म्हणाली. "आता चार लागतील. आधी सांगायचंस ना, मिरच्या कमी आणल्या मी."

रडलो आम्ही, नंतर. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. आणि खरं सांगते, त्यानंतरचे हे आठ दिवस या उन्हाळ्यातले सगळ्यात गोड आहेत. आता आई पानात दुसरा आंबा वाढते तेव्हा तो का वाढतेय हे तिलाही माहीत असतं आणि मलाही.

मित्रांनो, तुम्ही कदाचित परदेशी जात नसाल. पुण्याला नोकरीसाठी, लग्न होऊन, किंवा एखाद्या निर्णयाने घरच्यांपासून थोडं दूर जात असाल. घरचा आनंद घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. फक्त त्या आनंदाखाली खोटं नको. आज स्वतःला विचारा: जवळच्या माणसाला मी कोणतं अर्धं सत्य सांगितलंय? जमलं तर आजच, रात्रीच्या जेवणाआधी, ते पूर्ण करा.

प्रार्थना: हे प्रभू, तू नासरेथच्या घरात तीस वर्षं राहिलास आणि मग निघालास. आम्हालाही खरेपणाने राहायला आणि खरेपणाने निघायला शिकव. मागे राहणाऱ्या आईवडिलांना तूच सांभाळ. आमेन.