माळ गळ्यात, गोफण हातात

कार्तिकी वारीला पंधरा-वीस दिवस राहिले असतील. गंगाखेडकडचा एक माळकरी शेतकरी आमच्याकडे आला. आमच्याच दिंडीत चालणारा, नेमाचा माणूस. बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "महाराज, गळ्यात माळ हाय अन् हातात गोफण. परवा गोफणीचा धोंडा एका भोरडीला लागला. माझ्यासमोर तडफडून मेली. आता वारीला यावं का ज्वारी राखावी, अन् राखली तर हे पाप कुणाच्या माथी?"

मराठवाड्यातील वाचकांस भोरडी सांगावयास नको. इतरांसाठी चार शब्द. ही साळुंकीच्या जातीची. डोके व पंख काळे, पाठ-पोट गुलाबी. पुस्तकांत हिला गुलाबी मैना किंवा पळसमैना म्हणतात. श्रावण सरता सरता पहिल्या भोरड्या दिसू लागतात आणि आश्विन-कार्तिकात त्यांचे ढगच्या ढग शिवारावर फिरतात. त्या वर्षी जन्मलेली पाखरे गुलाबी नसतात, मातकट असतात. नवखा माणूस त्यांना निराळीच जात समजतो. संध्याकाळी सारा थवा बाभुळबनात उतरतो, तेव्हा शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, सावर फुलली की त्या फुलांतला रस पिऊन त्या परत निघतात. येथे त्या घरटे बांधत नाहीत, अंडे घालीत नाहीत. कझाकस्तान आणि त्याच्या आजूबाजूचे गवताळ माळ ही त्यांची जन्मभूमी. तेथून आपली गोदावरी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक दूर. आमचे काही कीर्तनकार म्हणतात, पाखरे दर साल माहेरी येतात. दृष्टांत गोड आहे, पण लेक बाळंतपणाला जाते ते माहेर, या हिशेबाने भोरडीचे माहेर तिकडे आणि सासर आपल्याकडे ठरते! असो.

त्या शेतकऱ्यास आम्ही काय सांगितले? खोटे कशास लिहावे. तोंडाशी जे होते तेच सांगितले. तुकोबारायांना एका कुणब्याने शेत राखावयास बसविले. पाखरे आली, महाराजांनी ती हाकलली नाहीत. आणि शेवटी रास नेहमीपेक्षा मोठी झाली. तेव्हा बाबा, खाऊ दे पाखरांना, पांडुरंग भरून देईल, असे आम्ही म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुमचं काय जातंय महाराज? ज्वारी माझी हाय."

हे ऐकून आम्हांस राग आला, हेही कबूल केले पाहिजे. राग ओसरल्यावर आम्ही त्यास विचारले, की भोरड्या तर पूर्वीपासून येतात, मग आताच एवढा जाच का? त्याने जे सांगितले ते आमच्या कोणत्याही पोथीत नव्हते. "पहिलं अख्ख्या शिवारात ज्वारी असायची. पाखरं वाटून खायची. आता चहूकडं सोयाबीन अन् कापूस. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं. उभी ज्वारी माझी एकट्याची, दोन एकर. समदं आभाळ माझ्यावरच उतरतं."

परभणी हा ज्वारीचा मुलूख. येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) रब्बी ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' असे नाव दिले आहे. त्याच मुलखात आता एखाद्याने खरिपाची ज्वारी पेरली, तर पाखरांच्या भयाने पुढच्या साली त्याचा धीर खचतो आणि तोही सोयाबीनकडे वळतो. मग उरलेल्या एकावर आणखी भार. भाकरी मात्र आपण सगळेच मागतो.

त्या रात्री आम्ही महिपतीबुवांच्या ग्रंथातील ती कथा पुन्हा वाचली. आजवर कीर्तनात ती सांगताना आम्ही राशीच्या चमत्काराकडे धाव घेत होतो. मधली गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. शेत तुकोबारायांचे नव्हते. धनी परत आला, त्याने ओरड केली, पंच बसले. दया तुकोबांनी केली आणि धान्य दुसऱ्याचे गेले, हा पेच पंचांपुढे होता. त्यांनी ठरविले, की तूट राखणदाराने भरून द्यावी, आणि तसा कागद करून घेतला. महाराजांनी तो करून दिला. पाखरे देवाची, धान्य देवाचे, मला काय विचारता, असे ते म्हणाले नाहीत. रास वाढली ती त्यानंतर. आणि वाढलेले धान्यही त्यांनी घेतले नाही. कागद करून देताना रास वाढेल हे त्यांस ठाऊक नव्हते. आमच्या मते ती दया त्या कागदाने खरी ठरली. आम्ही ओसरीवर बसून दुसऱ्याची ज्वारी पाखरांना देत होतो आणि कागद पांडुरंगाच्या नावे करीत होतो.

तर मग गोफण मारावी काय? यावरही आम्ही पुष्कळ विचार केला. डबे वाजविणे, हाकारे देणे, मोकळी गोफण फडकाविणे, यात आम्हांस पाप दिसत नाही. धोंडा नेम धरून मारणे, जाळे लावणे, विष घालणे ही निराळी गोष्ट. तेथे माळेस बाध येतोच. पण हाकलण्यातही एक मेख आहे. हाकललेला थवा उपाशी राहत नाही, तो शेजारच्या बांधावर उतरतो. आपले नुकसान आपण शेजाऱ्याच्या शेतात टाकतो, आणि शेजारी ज्वारी पेरणारा नसला की तोच थवा फिरून आपल्याच कणसांवर येतो.

आणखी एक गोष्ट. चीनच्या पश्चिमेस शिनज्यांग प्रांत आहे. तेथे गवताळ कुरणांवर टोळ व नाकतोडे यांचा फार उपद्रव. भोरड्या आपली पिल्ले टोळांवरच पोसतात. म्हणून १९८० नंतर तेथील लोकांनी मुद्दाम दगड-विटांचे ढीग रचून त्यांना घरट्यांसाठी जागा करून दिल्या आणि औषध फवारणी कमी केली. तेथे त्या राखणदार, येथे चोर. आपल्याकडेही त्या नाकतोडे आणि अळ्या खातातच, पण ती मजुरी कोणी मोजत नाही, कणसे तेवढी मोजली जातात. जो धनगर शिनज्यांगमध्ये आपली कुरणे वाचल्याने सुखी आहे त्याच्या सुखाची किंमत गंगाखेडचा माळकरी देत आहे, आणि दोघांस एकमेकांची खबर नाही.

हे सारे आम्ही त्यास सांगितले. मेलेल्या भोरडीबद्दल आम्ही प्रायश्चित्त सांगितले नाही. तो रडला होता, तेवढे पुरे वाटले. वारीविषयी मात्र त्यानेच ठरविले, की यंदा शेत राखणार, पण गोफणीत धोंडा घालणार नाही. दिंडीत आम्ही विषय काढला. दर घरामागे शिध्याचे धान्य ठरलेले असते. त्याचा वाटा यंदा धरू नये, आणि पाखरांनी नेलेल्या ज्वारीपैकी काही आपण सर्वांनी मिळून भरून द्यावी, असे आम्ही म्हणालो. पहिले लोकांनी मानले. दुसऱ्यावर बरीच कुरकूर झाली, "मग सोयाबीन रानडुकरं खातात त्याचं काय?" असे एकाने विचारले, आणि त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी सात घरांनी धान्य घातले. आमचे घर त्यांत धरून सात.

एकादशीला वाळवंटात वीणेकऱ्याने त्याची चौकशी केली. राखणीवर आहे, असे आम्ही सांगितले. माघी वारीला तो आला, तेव्हा त्याने सात घरांची ज्वारी मापून परत आणली होती, आणि वर दोन खेपांचा शिधा.